शोभेचे कांदे

"अक्का, तुमचा फोन लागत नाही, म्हणून पत्र लिहिते."

पत्रातलं हे पहिलं वाक्य शिवलिंगअप्पांना पाठ झालं होतं. आत्ताही, मागच्या अंगणात उकिडवे बसून कांद्याच्या दांड्याला काठी बांधताना, ते त्यांच्या मनात आपोआप उमटलं. दांडा त्यांच्या कमरेला लागेल एवढा वाढला होता. पोकळ, निळसर हिरवा, खाली जरा फुगलेला आणि टोकाला कागदासारख्या पातळ टोपीत गुंडाळलेला कळा. रात्रीच्या वाऱ्याने तो पपईच्या झाडाकडे झुकला होता. अप्पांनी जुन्या धोतराची चिंधी बांधली. ती घट्ट झाली असं वाटून सोडली. सैल बांधली, तर ती फारच सैल वाटली. शेवटी ते तसेच चिंधी धरून बसून राहिले.

पत्र आषाढात आलं होतं. आता पौष निम्मा सरला होता. उत्तर गेलं नव्हतं.

अंबिका एके काळी लातूरच्या याच घरात, पुढच्या खोलीत भाड्याने राहायची. उदगीरकडची मुलगी, सरकारी दवाखान्यात नर्स. तिची रात्रपाळी असली की अप्पांची बायको शरणम्मा तिचं ताट झाकून ठेवायची आणि ती येईपर्यंत जागी राहायची. पुढे अंबिकाने हिमाचलच्या एका फौजी माणसाशी लग्न केलं आणि ती पालमपूरच्या बाजूला निघून गेली. जाताना शरणम्माच्या गळ्यात पडून रडली, अप्पांना वाकून नमस्कार केला. अप्पा तेव्हा काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून "तिकडे थंडी असते" असं म्हणाले होते.

त्यानंतर सगळा संबंध राहिला तो दोघींच्या फोनचा. शरणम्मा बाजेवर पाय पसरून तासतासभर बोलायची आणि मधूनच घरात ओरडून बातम्या द्यायची.

"अहो ऐकलं का? तिकडं शोभेला कांदे लावतेत म्हणे. खायचे न्हाईत, नुसतं बघत बसायचं."

आणि पुन्हा फोनमध्ये, "बाई गं, कांदा आणि बघायचा?" असं म्हणून ती इतकी हसली होती की तिला ठसका लागला होता.

ते हसणं अंबिकाने लक्षात ठेवलं. पत्रापाठोपाठ चार दिवसांनी एक खोकं आलं, त्यात भुश्यात ठेवलेले पाच मोठे गड्डे होते. पत्रात लिहिलं होतं, "तुम्ही हसला होता ना अक्का, आता स्वतःच बघा. छातीपर्यंत दांडा येतो आणि वर जांभळा चेंडू. तुमच्याकडे थंडी नाही, म्हणून दिवाळीपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा आणि मग लावा. फुललं की कळवा. फोन का बंद आहे तेही कळवा. जिवाला लागून राहिलंय."

शरणम्मा चैत्रातच गेली होती. तिच्या उशाजवळचा फोन मुलाने, मल्लेशने, बंद करून कपाटात ठेवला होता. दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले, मल्लेश नांदेडला आपल्या बँकेत रुजू झाला. तो शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. घरात राहिले अप्पा आणि सून आरती.

"अंबिकाचं पत्र आलंय," अप्पांनी तेव्हा आरतीला सांगितलं होतं. "फोन का लागत नाही म्हणून विचारतात."

आरती पोळपाट धुवत होती. तिचे हात थांबले.

"त्यांना ठाव न्हाई?"

"नाही."

"नंबर आसंल ना पत्रात? मी सांगते अप्पा. तुमाला नसंल जमत तर."

"नको. फोनवर नको. मी लिहितो."

आपण इतक्या ठामपणे कसं बोललो याचं त्यांना नंतर आश्चर्य वाटलं. आयुष्यभर त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लग्नपत्रिका, मठाचे अहवाल, कॉलेजांची वार्षिकं, लोकांचे स्वखर्चाने छापलेले काव्यसंग्रह. दुसऱ्याचं वाक्य कुठे लंगडतंय ते त्यांना लांबून दिसायचं. स्वतःचं वाक्य कागदावर आलं की मात्र त्यात त्यांना लंगडणंच तेवढं दिसे. 'शरणम्मा गेली' असं लिहिलं, तर ती मंडईत गेल्यासारखं वाटत होतं. 'लिंगैक्य झाली' हे मठाच्या पत्रिकेतलं. 'निधन झाले' हे वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचं. त्यांनी कागद फाडले, नवे घेतले, तेही फाडले.

आणि शब्दांचं एक वेळ जमलं असतं. खरी गोष्ट वेगळीच होती. तिकडे, पालमपूरच्या बाजूला एका घरात, शरणम्मा अजून होती. फोन बिघडलेली, पत्राला उशीर करणारी, पण होती. तिथूनही तिला आपल्या हाताने काढायचं, हे त्यांच्याने होत नव्हतं. आणि आपण जितके दिवस घालवतोय तितके दिवस ती बाई बिचारी वाट पाहत असणार, हेही त्यांना कळत होतं. हे कळणं दर आठवड्याला जड होत गेलं.

मग त्यांनी स्वतःशी एक तोड काढली. गड्डे लावायचे, ते फुलले की लिहायचं. वाईट बातमीच्या सोबतीला एक चांगली असेल, तर हात चालेल. फुलं आली की लिहीन, एवढं त्यांनी मल्लेशलाही सांगून टाकलं.

दिवाळी झाल्यावर त्यांनी फ्रीजच्या तळाच्या खणातून पुडकं काढलं होतं. वर्तमानपत्र उलगडलं, तर गड्ड्यांना हिरवे कोंब फुटलेले. गड्डे आषाढात पाहिले होते त्यापेक्षा त्यांना जरा लालसर वाटले. पण आपल्या आठवणीवर त्यांचा कधीच फार विश्वास नव्हता. एक डोळा मोतीबिंदूचा, दुसरा वयाचा. त्यांनी पपईशेजारची काळी माती मोकळी केली, आरतीने शेणखताची पाटी आणून दिली आणि दोघांनी मिळून गड्डे लावले.

पहिल्या पातीनेच त्यांना शंका आली. पत्रात पानं पट्ट्यासारखी रुंद आणि मातीवर लोळणारी असतात असं लिहिलं होतं. इथे गोल, पोकळ, सरळ उभी पात आली. अप्पांनी तिचं टोक बोटांत चुरलं आणि वास घेतला. वास अगदी स्वयंपाकघरातला होता.

शनिवारी मल्लेश आला, वाफ्यापाशी उभा राहिला.

"अप्पा, ह्याची झुणक्यात घालायला पात मिळंल काय थोडी?"

"शोभेचे आहेत ते."

"मग ताटात शोभतील की."

आरतीने आतून मल्लेशला हाक मारली, एरवी मारायची त्यापेक्षा मोठ्याने.

अप्पांनी दोष स्वतःकडे घेतला. खोल लावले असतील. पाणी जास्त झालं असेल. किंवा लातूरच्या मातीत कुठलाही कांदा शेवटी आपल्यासारखाच होत असेल. वाचनालयात जाऊन त्यांनी बागकामाची दोन पुस्तकं चाळली. त्यात गुलाब होते, शेवंती होती. ग्रंथपालाला विचारावं असं मनात आलं, पण शोभेचे कांदे असं नुसतं तोंडाने म्हणणंही त्यांना अवघड वाटलं, आणि ते परत आले.

तरीही एक गोष्ट झाली होती. चैत्रापासून ते सकाळी डोळे उघडे ठेवून अंथरुणावर तसेच पडून राहायचे. उठून करायचं काय, हे ठरत नसे. आता पाच कांदे बाहेर होते. त्यांच्यावर दव पडलेलं असे, कधी शेजारची शेळी कुंपणातून तोंड घाली, कधी पातीवर बारीक किडे दिसत. आरतीने किड्यांसाठी राख चाळून दिली. शेळीसाठी बाभळीच्या काट्या तीच रचायची. तिने वाफ्याजवळ एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि चहा तिथेच आणून द्यायला लागली. वाफ्याची काळजी ती अप्पांपेक्षा जास्त घ्यायची. एकदा संध्याकाळी ती पातीवरून हात फिरवताना दिसली. अप्पांना पाहून तिने हात मागे घेतला.

पत्र लिहिलं का, असं मात्र तिने पुन्हा कधी विचारलं नव्हतं. अप्पा तेवढ्यासाठीही मनातून तिचे आभार मानायचे.

संक्रांत होऊन गेल्यावर पहिल्या कळ्याची टोपी फाटली. आतून हिरवट दाणे दिसले आणि आठवड्याभरात ते दाणे एकेक उमलून सगळा मिळून एक पांढरा गोळा झाला. जवळून पाहिलं तर गोळा नव्हताच, बारीक बारीक चांदण्या होत्या, प्रत्येकीच्या पाकळीवर मधोमध एक हिरवी रेघ. जांभळा रंग कुठेच नव्हता. मधमाश्या कुठून आल्या कोण जाणे. उन्हं वर आली की पाचही गोळ्यांवर त्यांची गुणगुण चालायची. अप्पा खुर्चीत बसून ऐकत राहायचे. गल्लीतल्या बायका भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "कसलं फूल म्हणायचं हो हे?" अप्पा म्हणायचे, "पाहुणे आहेत." असं काही सुचून बोलण्याची त्यांना सवय नव्हती. बायका हसून गेल्या की ते आपलं वाक्य मनात परत तपासून पाहायचे.

फुलं आली होती. आता लिहायला हवं होतं. पण लिहायचं काय? तुमचं जांभळं फूल आमच्याकडे पांढरं झालं?

अशातच एका दुपारी सटवाजी आले. सटवाजी म्हणजे आरतीचे वडील, अर्धापूरचे केळीवाले. लातूरला कुणाच्या तरी साखरपुड्याला आले होते आणि जेवण जिरवायला म्हणून लेकीच्या घरी टेकले होते. हातात केळीची एक फणी आणि डोक्यावर इस्त्रीची टोपी.

"राम राम इवाई. काय करायलाव?"

"या, या. बसा." अप्पा खुर्चीतून अर्धे उठले.

सटवाजी बसले नाहीत. वाफ्यासमोर जाऊन, कमरेवर हात ठेवून त्यांनी वरपासून खालपर्यंत एकेक दांडा पाहिला. मग हसायला लागले.

"बियाच्या कांद्याचे डोंगळे लावलेत व्हय? बियाणं इकायचं काढलं का काय ह्या वयात?"

"शोभेचे आहेत," अप्पा हळूच म्हणाले.

"काय म्हनलाव?"

"शोभेचे. हिमाचलहून आले. शरणम्माच्या मैत्रिणीने पाठवले."

"कांदा, आन् शोभेला." सटवाजींनी टोपी मागे सरकवली. "घ्या. आमी आजवर उगंच खाऊन संपवला म्हना की."

आरती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"आगं आरते, तू तर बियाच्या कांद्यात हुंदडून मोठी झालीस. सांगितलं न्हाईस का सासऱ्याला, ह्ये डोंगळे हायेत म्हनून?"

"नाना, पानी घ्या आधी."

"का लातूरला येऊन कांदाबी वळखू येत न्हाई आता?"

आरतीने तांब्या पुढे केला. सटवाजी घटाघटा पाणी प्याले, मिशा पुसल्या आणि अप्पांच्या समोर पायरीवर बसले. बोलायला विषय सापडला की ते तो सहजासहजी सोडत नसत.

"ह्या कांद्यावरनं सांगतो इवाई. हिची माय, केवळाबाई. कांदेनवमी आली की घरात कांद्याचं टरफल ऱ्हाऊ द्यायची न्हाई. चातुर्मास लागायच्या आत समदं संपलं पायजे. माळ्यावर बघ, पोत्यात बघ, कोपरान् कोपरा हुडकायची. एका साली मी बियाला म्हनून निवडून गड्डे ठेवलेले. हे एवढाले. वावरातनं आलो तर परातभर भजी. म्हनलं, बये, ही कुठनं आनलीस? म्हनली, गुमान खा, उद्यापासनं बंद." ते मांडीवर थाप मारून हसले. "आता काय करता? खाल्ली की. ही बी त्याच मायच्या हाताखाली शिकलेली. तुमचं बी आसंच कवा तरी करील, सांभाळून ऱ्हावा."

अप्पा हसायला लागले होते. ते मध्येच थांबले.

कांदेनवमी ही आरतीच्या माहेरची रीत होती. अप्पांच्या लिंगायत घरात ती पाळली जात नसे. पण आरती लग्न होऊन आली त्या वर्षीच शरणम्माने ती उचलली. "कांदे संपवायचा दिवस? असला दिवस आमच्यात कसा न्हाई बाई," असं म्हणून सासू-सून दोघींनी भज्यांचे घाणे काढले होते. गेल्या आषाढात घरात सण नव्हता, दुखवट्याचं वर्ष होतं. तरी आरती म्हणाली होती, कांदेनवमी काय सण नव्हे अप्पा, आणि अत्याबाईंना आवडायची. तिने भजी केली होती. मोठमोठी चाकं, जरा जाडसर. अप्पांना ती किंचित कडवट लागली, पण आरती समोर उभी होती आणि डोळे पुसत होती, म्हणून त्यांनी पुन्हा मागून घेतली. खाऊन झाल्यावर हात धुताना त्यांना आठवण झाली होती. खोक्यातले गड्डे त्यांनी आपणच कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले होते, जागा अडवतो म्हणून संकोचाने कुणाला न सांगता. "अगं, तळाच्या खणात एक पुडकं आहे," ते म्हणाले होते, "अंबिकाने शरणम्मासाठी फुलाचे कांदे पाठवलेत. ते तेवढे हलवू नको." आरती पाठमोरी होती. "बरं अप्पा," एवढंच म्हणाली होती.

त्यांनी मान वर केली. आरती रिकामा तांब्या दोन्ही हातांनी धरून उभी होती. ती अप्पांकडे पाहत नव्हती, वडिलांकडेही नाही. तिची नजर वाफ्यातल्या मातीवर होती.

"तसं नाही इवाई," अप्पा म्हणाले. "दिसतात डोंगळ्यासारखे. पण हे वाण वेगळं आहे."

"पात तर तीच की वो."

"पात तीच असते. वासही तोच. फूल पांढरं येतं. मी वाचलंय."

मी वाचलंय, या शब्दांनी त्यांनी आजवर कुणाचं तोंड बंद केलं नव्हतं. खरोखर वाचलेलं असायचं तेव्हाही, पुढचा माणूस जरा जोरात बोलला की ते म्हणायचे, माझंच चुकत असेल. आज त्यांचा आवाज जराही हलला नाही.

सटवाजींनी पुन्हा एकदा वाफ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे.

"तुमी वाचलं आसंल तर मग काय बोलायचं," ते म्हणाले. "पुस्तकापुढं आमचं काय चालतंय. आरते, केळी आत ने, लई पिकल्यात."

उन्हं उतरल्यावर सटवाजी एस.टी. धरायला गेले. आरतीने अंगण झाडायला घेतलं. एरवी ती तुळशीपासून सुरुवात करायची. आज वाफ्याभोवतीच तिचा झाडू फिरत राहिला.

"अप्पा."

"हं."

"मी नवमीच्या दुसऱ्या दिवशीच मंडईत गेलते. मोठेमोठे बघून आनले." झाडू थांबला होता. "भाजीवाली म्हनली, ताई, तुमच्याकडं आता चार महिने बंद ना? मी म्हनलं, पाव्हन्याला पायजेत."

अप्पांनी दांड्याला बांधलेली चिंधी उगाच चाचपली. कुणी समोर उभं राहून खरं सांगायला लागलं की त्यांनाच लाजल्यासारखं व्हायचं.

"भजी चांगली झाली होती," ते म्हणाले.

"कडू झालती, अप्पा."

"जराशी."

आरती हसली की रडली ते त्यांना नीटसं कळलं नाही, कारण तिने पदर तोंडाला लावला होता. मग ती म्हणाली, "माझ्यापायी पत्र थांबलं का तुमचं? फुलं आली की लिहिणार हाव म्हनून मल्लेशला सांगितलं व्हतं तुमी. मी रोज बघायची, आज येतंय, उद्या येतंय. त्यास्नी तरी कळू द्या, अत्याबाईंचं."

"तुझ्यापायी नाही. माझ्यापायीच थांबलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर अप्पा कागद घेऊन बसले. नेहमीप्रमाणे त्यांनी वर गाव आणि तारीख घातली. नेहमीप्रमाणे पहिल्या ओळीपाशी पेन थांबलं. खिडकीतून वाफा दिसत होता, एका गोळ्यावर तीन-चार माश्या एकमेकींना ढकलत होत्या. अप्पांनी लिहिलं:

"सौ. अंबिकाताई यांस, तुम्ही पाठवलेल्या शोभेच्या कांद्यांची आम्ही कांदेनवमीला भजी केली."

ते स्वतःशीच हसले. तसं तर तसं. पेन पुढे गेलं.

"थोडी कडवट होती, पण मी पोटभर खाल्ली. हे कळायला मला माघ उजाडला. तोवर त्या जागी आम्ही घरचे लाल कांदे लावले होते आणि त्यांना जिवापाड जपत होतो. तेही फुलले आहेत. कमरेच्या वर आले आहेत. रंग पांढरा आहे. आमच्या इवायांनी ते ओळखले, तेव्हा मी त्यांना पुस्तकाचा दाखला देऊन गप्प केलं. हे सगळं शरणम्माला सांगता आलं असतं, तर हसून तिला ठसका लागला असता आणि तिने तुम्हाला फोन करून माझी नक्कल करून दाखवली असती. ती चैत्रात गेली. त्रास फार झाला नाही. सकाळी चहा मागितला आणि तो येईपर्यंत संपलं. तुमचं नाव आदल्या दिवशीच तिच्या तोंडी होतं, कशावरून ते आता आठवत नाही."

इथे त्यांनी पेन ठेवलं. मागे वळून पाहिलं, तर ते वाक्य तिथे होतं. ठसक्याच्या आणि चहाच्या मध्ये, तीनच शब्दांचं. लिहिताना ते लिहिलं जातंय हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, बराच वेळ तसाच हातात धरला.

मग पुढे लिहिलं.

"उत्तराला इतका उशीर झाला, तुम्ही काळजीत राहिलात. मला लिहिता येत नव्हतं. तुमच्या खोक्यामुळे मी सकाळी उठून बाहेर बसायला लागलो. सूनबाई तिथे खुर्ची आणून ठेवते आणि चहा देते. तुमचं हे ऋण माझ्यावर फार मोठं आहे. फुलाचा रंग आम्हाला पाहायला मिळाला नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. तुम्हा सर्वांना आशीर्वाद. शिवलिंग."

खाली निम्मं पान कोरं राहिलं. त्यांनी घडी घातली नाही. पत्र तसंच उघडं नेऊन स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलं, वर मिठाची बरणी ठेवली आणि पेनही शेजारी ठेवलं. आरती पीठ चाळत होती.

"उद्या टाकायचंय," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

सकाळी ते चूळ भरून आत आले, तेव्हा पत्र तिथेच होतं. कोरं पान कोरं राहिलं नव्हतं. तिरक्या, दाटीवाटीच्या अक्षरांनी ते तळापर्यंत भरलं होतं. जागा पुरली नाही म्हणून ओळी वळून समासातून वर चढल्या होत्या. एके ठिकाणी शाई फुटली होती. अप्पांनी नजर बाजूला घेतली. पान उलटं केलं, घडी घातली, पाकिटात सरकवलं आणि डिंकाची बाटली शोधायला लागले.

आरतीने त्यांना स्कूटीवरून पोस्टापर्यंत नेलं. आत स्पीड पोस्टाच्या खिडकीपाशी रांग होती. रांगेत उभं राहिलं की आपला विचार बदलेल, अशी त्यांना भीती वाटली. पाकिटाला तिकिटं पुरेशी लावलेली होती, ती त्यांनी काल दोनदा मोजली होती. ते बाहेरच्या लाल पेटीकडे वळले. फटीला धूळ होती. त्यांनी ती बोटाने पुसली आणि पाकीट सोडलं. आत फारशी पत्रं नसावीत. ते तळाला लागल्याचा आवाज बाहेर ऐकू आला.

आरती स्कूटी चालू ठेवूनच थांबली होती.

"टाकलं, अप्पा?"

"टाकलं."

"म्या लिहिलेलं वाचलं का?"

अप्पा मागे बसले. धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून आवरून घेतला.

"पत्र त्यांना आहे," ते म्हणाले.

आरतीने आरसा उगाच जरा खाली-वर केला, तो पहिल्यासारखाच लावला.

"धरून बसा," ती म्हणाली.